पूर्व विदर्भांतील तलाव व त्यांचे कागद

(१)

इतिहाससंशोधकांच्या दप्तरांत पाण्याला जागा थोडी असते. सनदा, महजर, निवाडपत्रें, कैफियती, खासगी पत्रव्यवहार यांच्या याद्या आपण काळजीपूर्वक करतों. त्यांतील मित्यांचा मेळ बसवितों. शिक्का फिकट असला तर तो भिंगाखालीं धरून वाचतों. परंतु गांवच्या तळ्याचें पाणी कोणीं, केव्हां व कोणत्या पाळीनें घ्यावें, पाळ फुटल्यास माती कोणीं टाकावी, तळ्यांतील मासळी कोणाची व शिंगाडा कोणाचा, असल्या मजकुराचा कागद हातीं आला तर तो बहुधा ‘किरकोळ’ या सदरांत पडतो. आणि किरकोळ सदर म्हणजे वाळवीचें इनाम, हें संग्राहकांस सांगावयास नको. हे कागद किरकोळ नाहींत, व ते राखण्याची निकड आज पूर्वीपेक्षां अधिक आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

निकड कां, तें प्रथम सांगतों. गोड्या पाण्याचा सांठा कसा राखावा व त्यांतील जीवसृष्टि कशी टिकवावी, हा प्रश्न सध्यां जगभर चर्चिला जात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ सालच्या जागतिक जलविकास अहवालाचा विषयच ‘पाण्यासाठीं निसर्गाधारित उपाय’ हा होता. त्याचें तात्पर्य असें कीं, पाणी अडविणें, सांठविणें व शुद्ध करणें हीं कामें केवळ सिमेंट व लोखंड यांवर न सोंपवितां तीं रान, माती, पाणथळ जागा व जलवनस्पति यांजकडून करून घ्यावीं. जेथें तीं तीं करीत आहेत तेथें त्यांचें काम मोडूं नये. हें नांव नवें आहे. वस्तु नवी नाहीं. आमच्याच प्रांतांत, वैनगंगेच्या खोऱ्यांत, ही वस्तु कित्येक पिढ्या चालत होती, तिचे नियम ठरलेले होते, आणि त्या नियमांपैकीं कांहीं कागदावर उतरले होते. आज तेथील कांहीं गांवें मोडलेले तलाव पुनः जिवंत करूं पाहत आहेत. त्यांना फावडीं व कुदळी मिळतात. मिळत नाहीं तो जुना नियम.

(२)

प्रथम मुलुखाचें स्वरूप पाहूं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूरचा पूर्व भाग मिळून जो प्रदेश होतो, तो धानाचा मुलुख होय. पूर्वीचा भंडारा जिल्हा १९९९ सालीं विभागून गोंदिया निराळा झाला, व चांद्यांतून गडचिरोली १९८२ सालीं वेगळा निघाला. तेव्हां जुने कागद पाहतांना भंडारा व चांदा हीं दोनच नांवें आढळतील, हें ध्यानांत ठेवावें.

या मुलुखांत पाऊस थोडा नाहीं. वर्षाची सरासरी १३०० मिलिमीटरांच्या आसपास येते. मग तळ्यांची गरज काय, असा प्रश्न दख्खनच्या कोरड्या पठारावरील वाचकास पडेल. त्याचें उत्तर धानाच्या स्वभावांत आहे. पाऊस बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. धान मात्र निसवून दाणा भरतें तें पाऊस ओसरूं लागल्यावर. त्या पंधरावड्यांत एक पाणी चुकलें तर चार महिन्यांचे श्रम पळिंजावर जातात. शिवाय जमीन चढउताराची व खालीं कठीण खडकाची, त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं पाणी खोल मुरून विहिरींस पुरेसें लागत नाहीं. पडलेलें पाणी भूमीच्या पृष्ठावरच थोपवून धरावें व नेमक्या वेळीं उताराच्या शेतांत सोडावें, हाच मार्ग राहतो. तलाव हा येथें दुष्काळाचा तोडगा नसून सुकाळाची राखण आहे.

अशा मोठ्या तलावांची संख्या सहा-सात हजारांच्या घरांत सांगतात. ‘बोडी’ म्हणून ओळखलीं जाणारीं लहान तळीं धरलीं तर ती कितीतरी वाढते. सर्वांत प्रसिद्ध तलाव नवेगांवबांधचा. डोंगरांमधील फटी मातीच्या बांधांनीं बुजवून हा जलाशय निर्माण केलेला आहे. जुन्या गॅझेटियरांत त्याचा घेर १७ मैलांचा दिला आहे. येथें बांधणाऱ्यानें डोंगरालाच भिंत केलें व जेवढी जागा उघडी राहिली तेवढीच मातीनें भरली. थोड्या मातींत पुष्कळ पाणी अडविण्याची ही युक्ति जागा हेरण्याच्या नजरेंत आहे, बांधकामांत नाहीं.

(३)

हे तलाव कोणीं बांधिले? परंपरा कोहळी जातीचें नांव घेते. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असतां तेथें तळीं बांधण्यांत व ऊंस पिकविण्यांत निपुण असे लोक त्याच्या पाहण्यांत आले, आणि त्यानें त्यांस आपल्या मुलुखांत आणून वसविलें, अशी कोहळ्यांची आख्यायिका आहे. नवेगांवचा बांध कोलू पाटील या कोहळी पुरुषानें घातला असें मानतात, व तळ्याकांठीं कोलासूर या नांवानें त्याची पूजा होते. बांध घालणारा माणूस देव झाला, ही गोष्ट त्या समाजास पाण्याची किंमत किती वाटत होती याचा पुरावाच समजावा. मात्र बांधाचा काळ ठरविण्यास तिचा उपयोग नाहीं. देवास मिती नसते.

दुसरी परंपरा गोंड राजा हीरशाह याच्या नांवावर आहे. जो रान तोडून गांव वसवील त्यास तो गांव, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावानें भिजेल तितकी जमीन बक्षीस, असा त्याचा पुकारा होता असें सांगतात. या परंपरेस शब्दाचा आधार आहे. तलाव बांधल्याबद्दल मिळालेल्या जमिनीस चांद्याकडे ‘तुकूम’ म्हणत. आणि त्या बाजूच्या कित्येक गांवांच्या नांवांस हा शब्द आजहि चिकटलेला आढळतो. चंद्रपूर शहराचा एक भाग तर तुकूम याच नांवानें ओळखला जातो. तेथें राहणाऱ्यांपैकीं किती जणांस आपल्या पत्त्यांत एक तलाव दडलेला आहे हें ठाऊक असेल?

या दानाचें मर्म पाहण्याजोगें आहे. बक्षीस बांधाच्या लांबी-उंचीवर नव्हतें, भिजलेल्या जमिनीवर होतें. बांध घातला, पण पाणी शेतांत पोंचलें नाहीं तर मोबदला शून्य. म्हणून बांधणारा जागा, उतार, माती व पाणलोटाचें रान हीं चारी पाहूनच हात घालीत असला पाहिजे. राज्यानें कामाचें मोल फळावर ठरविल्यास कारागिराची नजर कशी तयार होते, याचें हें एक चांगलें उदाहरण होय.

पुढें भोसल्यांचा अंमल आला, व १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा होऊन इंग्रजांचा अंमल बसला. इंग्रजांच्या पहिल्या बंदोबस्तांत गांवचा वसूल गोळा करणाऱ्यांस गांवच्या मालकीचे हक्क देण्यांत आले, ते मालगुजार. गांवाबरोबर तलावहि त्यांच्याकडे आले, आणि म्हणून आज या सर्वांस सरसकट ‘मालगुजारी तलाव’ म्हणतात. बांधणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण मालगुजारीच्या फार पूर्वींचे; पण नांव राहिलें तें शेवटच्या मालकाचें. त्यांतहि आतां ‘माजी मालगुजारी’ याचें संक्षिप्त रूप होऊन सरकारी लिखाणांत ‘मामा तलाव’ असा शब्द रूढ झाला आहे. दोनशें वर्षांनीं कोणी संशोधक या मामाची वंशावळ शोधूं लागला तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

(४)

तलावाचें कार्य कसें चालतें तें आतां पाहूं. कारण कागदांतील नियमांचा अर्थ त्यावांचून लागत नाहीं. नकाशावर तलाव म्हणजे एक निळा ठिपका दिसतो. वस्तुतः त्याचे पांच अवयव आहेत.

पहिला अवयव वरच्या अंगाचें रान. पावसाचा मारा झाडांच्या पानांवर व खालच्या पाचोळ्यावर झेलला जातो. पाणी सावकाश वाहतें, थोडें मुरतें, आणि तळ्यांत येतांना माती कमी आणतें. रान तुटलें कीं तोच पाऊस गाळ घेऊन धांवतो. तळ्याचें आयुष्य बांधावर नव्हे, तर या रानावर मोजावें.

दुसरा अवयव पाळ, म्हणजे मातीचा बांध. तिसरा, पाळींतून पाणी सोडण्याची मोरी, जिला या भागांत ‘तुडुम’ म्हणतात, व जादा पाणी बाजूनें निघून जाण्याचा सांडवा. बहुतेक तलाव एकाखालीं एक असे साखळीनें असल्यामुळें वरच्याचें सांडलेलें पाणी खालच्याच्या पोटीं जातें. म्हणून वरच्या गांवानें सांडव्याची उंची वीतभर वाढविली तर ती खालच्या गांवाच्या भाकरीवर येते. सांडव्याचे तंटे जुने आहेत ते याचमुळें.

चौथा अवयव खालचीं शेतें. पाणी बांधीमागून बांधींत उतरतें, व त्याबरोबर रानांतील कुजलेल्या पानांचें सत्त्वहि उतरतें. उन्हाळ्यांत तळें आटलें म्हणजे तळाचा गाळ गाडीनें शेतांत जाई. एकाच कामांत तळें खोल होई आणि शेतास खत मिळे.

पांचवा अवयव, जो बहुधा कोणाच्या यादींत येत नाहीं, तो तळ्याच्या आंतील जीवसृष्टि होय. तिचें वर्णन स्वतंत्र करणें अवश्य आहे.

(५)

चांगल्या तलावास कांठापासून मध्यापर्यंत निरनिराळे थर असतात. अगदीं उथळ भागांत गवतें व देवधान, म्हणजे आपोआप उगवणारें रानटी धान. त्यापुढें ज्यांचीं पानें पाण्यावर तरंगतात अशीं कमळें व शिंगाडे. आणि त्यापुढें हायड्रिलासारख्या सर्वस्वीं पाण्याखालीं वाढणाऱ्या वनस्पति. अनभिज्ञ मनुष्य या सर्वांस ‘घाण’ म्हणून काढून टाकावयास सांगतो. परंतु प्रत्येक थरास नेमून दिलेलें काम आहे. कांठचें गवत वाहून येणारी माती अडवितें व लाटांपासून पाळीचा बचाव करतें. बुडालेल्या वनस्पति पाण्यांत विरघळलेलें खत शोषून घेतात व दिवसा प्राणवायु सोडतात. त्यांच्या जाळींत माशांचीं अंडीं अडकून राहतात, पिलांना आसरा मिळतो, आणि ज्या किड्यांवर व गोगलगाईंवर मासे व पक्षी जगतात त्यांचीहि वस्ती तेथेंच होते.

पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर कित्येक जातींचे मासे प्रवाहाच्या उलट चढून उथळ पाण्यांत व भरलेल्या बांध्यांत अंडीं घालावयास जातात, व पाणी उतरूं लागलें कीं पिलांसह तळ्यांत परततात. म्हणजे मासा एकाच वर्षांत तलाव, ओढा व शेत या तिन्ही ठिकाणीं राहतो. यांपैकीं एक वाट बंद झाली तरी त्याचें कुळ खुंटतें. मरळ, शिंगी, मागूर यांसारखे मासे चिखलांतहि तग धरतात. तरी पैदाशीस त्यांना वनस्पतींचा आसरा असलेलें उथळ पाणी सांपडलें तर बरें. पक्ष्यांचेंहि तसेंच. सारस हा माणसाएवढा उंच क्रौंचपक्षी महाराष्ट्रांत आतां प्रामुख्यानें गोंदिया व त्याला लागून असलेल्या भागांत उरला आहे. तो घरटें बांधतो धानाच्या बांधींत अथवा तळ्याच्या उथळ भागांत, व कंद-किडे वेंचतो तेथेंच. तळें व शेत हीं त्याच्या दृष्टीनें दोन नव्हतच.

या पांचव्या अवयवाचे जाणते कोण? धीवर, ज्यांस या भागांत ढिवर म्हणतात. कोणत्या महिन्यांत कोणता मासा पोटुशी असतो, कोणत्या वनस्पतींत तो अंडीं घालतो, कोणतें जाळें कोणत्या पाण्यांत टाकूं नये, हें ज्ञान त्यांच्या घरांत बापाकडून मुलाकडे व आईकडून मुलीकडे आलें. कोहळ्यानें पाळ बांधिली, मालगुजारानें ती मिरविली, पण पाण्याच्या आंत काय चाललें आहे हें जाणणारा ढिवर होता; आणि कागदांत सर्वांत कमी नांव त्याचेंच आढळतें. इतिहासलेखनाचा हा दोष जुना आहे. ज्याच्या हातीं लेखणी नव्हती त्याच्या ज्ञानास आपण ज्ञान म्हणावयास विसरतों.

(६)

ही व्यवस्था मोडली कशी? मध्यप्रदेशांतील मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा १९५० सालीं संमत झाला, व १९५१ च्या मार्चअखेर मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. हे जिल्हे त्या वेळीं मध्यप्रदेशांत होते. मालगुजारी गेली याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. त्या व्यवस्थेंत वेठ होती, उंचनीच होतें, व ज्याच्या अंगमेहनतीनें पाळ उभी राहिली त्याच्या वांट्यास बहुधा मजुरीपलीकडे कांहीं येत नव्हतें. जुन्या तलावाची थोरवी गातांना जुन्या मालकाची थोरवी गाण्याचा मोह आवरला पाहिजे.

परंतु मालकाबरोबर एक दुसरी गोष्टहि गेली, ती म्हणजे राखणीचा नेम. पाळीवर माती टाकण्याची मुदत, तुडुमाची दुरुस्ती, पाणी वांटणाऱ्या माणसाचा मेहनताना, या बाबी कोणाच्या तरी अंगावर होत्या. आतां त्या कोणाच्याच राहिल्या नाहींत. तलाव सरकारच्या, आणि १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्यावर पुष्कळसे त्यांच्या ताब्यांत गेले. पाण्यावरील जुन्या हक्काची व नव्या पाणीपट्टीची सांगड कशी घालावी, यावरून वाद उद्भवले. ज्याचें पाणी त्याची पाळ, ही समजूत एकदां तुटल्यावर दोन्हीं निराधार झालीं.

आंतील जीवसृष्टीवर निराळेच घाव पडले. उत्पन्न वाढावें म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचें बीज सोडण्याची रीत आली. कांहीं ठिकाणीं परदेशी गवत्या मासाहि आला. गवत्या हा नांवाप्रमाणेंच जलवनस्पति खाऊन फस्त करतो. वनस्पति गेल्या म्हणजे देशी माशांचीं अंडीं उघड्यावर पडतात. त्याच सुमारास बेशरम या झुडुपानें तळीं व्यापलीं. हें मूळचें उष्ण अमेरिकेंतील. त्याचा तुकडा मोडून चिखलांत पडला तरी पुनः फुटतो, आणि गुरें त्यास तोंड लावीत नाहींत. म्हणून लोकांनीं त्यास दिलेलें नांव यथार्थ आहे. कोरडा कांठ त्यानें गिळला, देवधान व गवतें हटलीं, गाळ अडून तळें उथळ झालें. वरचें रान विरळ झालें, पाणलोटांत अतिक्रमणें झालीं. अशा रीतीनें पांचहि अवयव एकामागून एक दुखावले. आणि उपाय योजिला गेला तो बहुधा एकाच अवयवावर, म्हणजे खोदाईवर! यंत्रानें तळें सरळ खोल खणलें म्हणजे पाण्याचें माप वाढतें खरें. पण उथळ कांठ नाहींसा होतो, व त्याबरोबर वर वर्णिलेले थरहि नाहींसे होतात. तो हौद होतो, तळें राहत नाहीं.

(७)

यावर एक चांगला प्रयत्न गेल्या दीड-दोन दशकांत भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत झाला, त्याची नोंद येथें करणें योग्य होईल. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेनें ढिवरांच्या सहकारी संस्था व महिलांचे गट यांस बरोबर घेऊन अर्जुनी मोरगांव तालुक्याच्या बाजूस कांहीं तलावांत हें काम आरंभिलें. रीत साधी आहे. उन्हाळ्यांत तळ उघडा पडला म्हणजे बेशरम मुळासकट उपटावयाची, जमीन नांगरावयाची, पाऊस पडून गुडघाभर पाणी आलें कीं दुसऱ्या निरोगी तळ्यांतून आणलेल्या देशी जलवनस्पति चिखलांत लावावयाच्या, आणि मग त्या पाण्यास मानवतील असे देशी मासे सोडावयाचे. कोणती वनस्पति कोठें लावावी हें ढिवरांनीं सांगावयाचें, व तिचें शास्त्रीय नांव अभ्यासकानें लिहून घ्यावयाचें. धान रोवण्यांत मुरलेले बायकांचे हात तळ्यांत वनस्पति रोवूं लागले. अशा तळ्यांत देशी मासे पुनः वाढूं लागले, पक्षी परतले, व ढिवरांच्या जाळ्यांत पडणारी मासळीहि वाढली.

निसर्गाधारित उपाय म्हणजे ‘कांहींच करूं नये, निसर्ग आपलें पाहून घेईल’ असें कित्येकांस वाटतें. वरील उदाहरण त्याच्या उलट सांगतें. येथें मेहनत आहे, हंगाम आहे, देखरेख आहे, व सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मर्यादा आहे: अमुक महिन्यांत जाळें नाहीं, अमुक भागांत गुरें नाहींत. ही मर्यादा कोणाच्या अधिकारानें घालावयाची? येथें आपण पुनः कागदाशीं येऊन पोंचतों.

(८)

मध्यप्रांताच्या बंदोबस्तांत गांवोगांव ‘वाजिब-उल्-अर्ज’ नांवाचा कागद तयार होत असे. मालगुजार व रयत यांच्यामधील गांवची वहिवाट त्यांत कलमवार नोंदली जाई. पाण्याची वहिवाट ही त्यांतील एक बाब. त्याच्याच जोडीस ‘निस्तार पत्रक’. चराई, सरपण, माती, गुरांचें पाणी अशा सार्वजनिक गरजा कोठें व कशा भागवाव्या, हें त्यांत येतें. हीं दोन्हीं नांवें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्यांतहि राहिलीं आहेत. परंतु त्यांतील वाजिब-उल्-अर्जाचें कलम पाहतां असें दिसतें कीं, पाटाचे व मासेमारीचे रिवाज जे नोंदावयाचे ते सरकारच्या अथवा स्थानिक संस्थेच्या ताब्यांत नसलेल्या जमिनीचे व पाण्याचे. तलाव खासगी होते तोंवर रिवाजास या नोंदींत घर होतें. तलाव सरकारजमा झाल्यावर रिवाज जिवंत असूनहि त्याचें तें घर गेलें. जुन्या नोंदीचें आज कायद्यांत वजन किती, हा वकिलांचा प्रश्न आहे. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र त्या नोंदीइतका जवळचा साक्षी दुसरा नाहीं.

आतां एक आमचाच अपराध सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं भंडाऱ्याकडील एका खेड्यांत एका जुन्या घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आला. त्यांतील मोडी पत्रें व शिक्क्याचे कागद आम्ही उतरून घेतले. तळाशीं बाळबोध लिपींत लिहिलेला एक पुडका होता. पाण्याच्या पाळ्या, पाळीवरील मजुरांच्या हजेऱ्या, ‘अमक्याची बैलजोडी दोन दिवस’ असल्या नोंदी. ‘यांत इतिहास नाहीं’ असें म्हणून आम्हीं तो पुनः बांधून ठेविला. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच गांवच्या लोकांचा वरच्या गांवाशीं सांडव्यावरून तंटा उभा राहिला, व जुनी उंची काय होती हें कोणी सांगेना. त्या पुडक्याची आम्हांस आठवण झाली. जाऊन पाहतों तों दप्तराची पेटी पावसांत भिजून कागदांचा लगदा झालेला! त्यांत सांड्याची उंची होतीच असें आम्ही म्हणत नाहीं. होती कीं नव्हती, हें आतां कधींच कळावयाचें नाहीं, एवढेंच म्हणतों.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी. पूर्व विदर्भांतील दप्तर हातीं आल्यास वाजिब-उल्-अर्ज, निस्तार पत्रक, बंदोबस्ताची मिसल, खसरा, तुकुमाच्या सनदा, पाण्याच्या पाळ्या, पाळीच्या खर्चाच्या वह्या व मासळीचे मक्ते हे आठ प्रकार वेगळे काढावे, व प्रत्येकावर गांव, तलावाचें स्थानिक नांव व साल यांची चिठ्ठी लावावी. तलावाचें नांव विशेष जपावें. कारण नांवांत कित्येकदां बांधणारा, झाड अथवा दैवत दडलेलें असतें. कागद देण्यास घराणें राजी नसेल तर छायाचित्र घ्यावें, मूळ तेथेंच राहूं द्यावें, व त्याची एक प्रत गांवासहि द्यावी. ज्या कागदाचा गांवाला उपयोग आहे तो केवळ आपल्या कपाटांत ठेवणें म्हणजे पाणी अडवून शेतास न सोडणें होय.

दुसरें, दप्तर पाहून झाल्यावर पाळीवर जावें. कागदांत लिहिलेली मोरी, सांडवा व शीव प्रत्यक्ष जागेवर पडताळावी. आणि तिसरें, गांवांतील वृद्ध ढिवर व ढिवरीण यांजपाशीं बसून माशांचीं, वनस्पतींचीं व जाळ्यांचीं नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. शुद्ध करूं नयेत. तें हस्तलिखित कोणत्याहि पेटींत नाहीं, त्याला दुसरी प्रत नाहीं, आणि त्याची वाळवी म्हणजे काळ.

तलाव व दप्तर यांचें एक साम्य शेवटीं सुचवितों. दोन्हीं पूर्वजांनीं सांठविलीं, दोन्हींत गाळ भरतो, आणि दोन्हीं उपसल्यावांचून उपयोगाचीं नाहींत. मात्र उपसणाऱ्यानें गाळ कोणता व बीज कोणतें हें ओळखलें पाहिजे. आम्हीं एकदां तें ओळखलें नाहीं; वाचकांच्या हातून तशी चूक होऊं नये.